विश्लेषण : १६ वर्षांनी उजळलेले सॅक्रामेंटो २० महिन्यांत पुन्हा का विझले?

एनबीएमधील सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ मराठी वाचकाला दोन कारणांनी माहीत असतो. एक, ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर हाच संघ उभा होता. (दोन्ही सामने तो हरला, पहिला तर जादा वेळेत एका गुणाने.) आणि दुसरे, त्याचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले विवेक रणदिवे आहेत. आपल्याकडे या संघाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा इथेच थांबते. ‘आपला माणूस’ अमेरिकेत संघ विकत घेतो याचे कौतुक होते, पण त्या संघाचे पुढे काय झाले याची चौकशी कुणी फारशी करत नाही. ती करायची तर २०२२-२३ च्या हंगामापासून करावी. या संघाने गेल्या दोन दशकांत पाहिलेला तो सर्वोत्तम हंगाम होता. आणि तो उभा करणारी बहुतेक माणसे आज तिथे नाहीत.

त्या हंगामाआधी परिस्थिती काय होती?

एका शब्दात सांगायचे तर केविलवाणी. २००६ नंतर किंग्ज एकदाही प्ले-ऑफला पोहोचले नव्हते. सलग १६ हंगाम प्ले-ऑफबाहेर राहणारा एनबीएच्या इतिहासात दुसरा संघ नाही. ही लीग मुद्दाम अशी रचलेली आहे की कुणी फार काळ तळाशी राहू नये. आदल्या वर्षी ज्यांची कामगिरी खराब, त्यांना नव्या खेळाडूंच्या निवडीत म्हणजे ‘ड्राफ्ट’मध्ये वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक. वेतनावरही मर्यादा आहे. त्यामुळे चार-पाच वर्षे मार खाल्लेला संघ साधारणपणे आपोआप वर येतो. किंग्ज येत नव्हते, कारण मिळालेल्या संधी ते वाया घालवत होते. २०१८ मध्ये त्यांच्याकडे दुसऱ्या क्रमांकाची निवड होती. त्यांनी मार्व्हिन बॅगलीला घेतले. तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला तो लुका डॉन्चिच. या एका वाक्यावर सॅक्रामेंटोतील लोक अजूनही सुस्कारा सोडतात.

त्याआधी, २००२ मध्ये, हाच संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होता. क्रिस वेबर, व्लादे दिवाक, पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी आणि डग ख्रिस्ती यांच्या त्या संघाने ६१ सामने जिंकले होते. लॉस एंजलिस लेकर्सविरुद्ध सातव्या सामन्यात, तोही जादा वेळेत, ते हरले. त्याच मालिकेच्या सहाव्या सामन्यात पंचांनी शेवटच्या सत्रात लेकर्सना २७ फ्री थ्रो बहाल केले होते. त्याचा वाद आजही मिटलेला नाही. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी शहराची गुराख्यांचे गाव म्हणून टर उडवली होती, तर प्रेक्षक गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्याला येऊ लागले. त्या घंटा अजून वाजतात. कॅलिफोर्नियाची राजधानी असलेल्या या शहरात अमेरिकेच्या चार बड्या लीगपैकी त्या वेळी हा एकमेव संघ होता. तेव्हा १६ वर्षे म्हणजे काय, हे त्या शहरात लहानाचे मोठे झालेल्या मुलांनाच विचारायला हवे.

मग २०२२-२३ मध्ये नेमके काय बदलले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये महाव्यवस्थापक माँटी मॅकनेअर यांनी एक धाडसी, त्या दिवशी अनेकांना वेडगळ वाटलेला सौदा केला. टायरीज हॅलिबर्टन हा २१ वर्षांचा, सगळ्यांचा लाडका गार्ड त्यांनी इंडियानाला दिला आणि त्या बदल्यात डोमँटास सबोनिस हा लिथुआनियाचा धिप्पाड सेंटर आणला. (हॅलिबर्टनने २०२५ मध्ये इंडियानाला थेट अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेले. तेव्हा सौद्यात फसले कोण, हा वाद न संपणारा आहे. माझ्या मते दोन्ही संघांना तेव्हा जे हवे होते ते मिळाले.) त्या उन्हाळ्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहप्रशिक्षक माइक ब्राउन मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. अटलांटाकडून केव्हिन हर्टर हा नेमबाज आला, मलिक मंक करारबद्ध झाला, आणि ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर कीगन मरे मिळाला.

यात एकही ‘महातारा’ नाही, हे लक्षात घ्यावे. संघ उभा राहिला तो एका साध्या कल्पनेवर. सामान्यतः सेंटर हा उंच खेळाडू बास्केटखाली उभा राहतो. ब्राउन यांनी सबोनिसला फ्री थ्रो रेषेच्या आसपास, वर आणून उभे केले आणि चेंडू त्याच्या हाती दिला. हर्टर किंवा मरे धावत त्याच्या जवळून जाणार, सबोनिस चेंडू जवळजवळ हातावर ठेवणार, आणि त्याच क्षणी आपल्या अंगाने बचावपटूची वाट अडवणार. नेमबाजाला अर्धा सेकंद मोकळा मिळाला की झाले. बचावपटूने ती वाट आधीच बंद केली, तर नेमबाज उलटा वळून थेट बास्केटकडे धावणार. आणि हे सगळे फसले तर डिॲरन फॉक्स होताच. पळताना त्याच्याशी बरोबरी करू शकणारे लीगमध्ये फार थोडे.

सुरुवातीचे चारही सामने संघ हरला. जुन्या किंग्जमध्ये अशा वेळी कुणाची तरी नोकरी धोक्यात आली असती. या वेळी कुणी हात लावला नाही. मग गाडी अशी सुटली की संघाने ८२ पैकी ४८ सामने जिंकले आणि पॅसिफिक विभागाचे जेतेपद २० वर्षांनी मिळवले. दर १०० आक्रमणांमागे ११८.६ गुण हा तेव्हा एनबीएच्या इतिहासातला उच्चांक होता. पुढच्याच वर्षी बोस्टनने तो मागे टाकला, ते सोडा. फेब्रुवारीत लॉस एंजलिस क्लिपर्सविरुद्ध त्यांनी दोनदा जादा वेळ खेळून १७६-१७५ असा विजय मिळवला. लीगच्या इतिहासात याहून अधिक गुणांचा एकच सामना झाला आहे, तो १९८३ मध्ये. सबोनिस उजव्या हाताचा अंगठा मोडलेल्या अवस्थेत खेळत राहिला आणि रिबाउंडमध्ये लीगमध्ये अव्वल ठरला. मरेने तीन गुणांचे २०६ बास्केट करून नवख्या खेळाडूंचा तोवरचा विक्रम मोडला. बचाव मात्र वर्षभर सुमार होता, आणि याची किंमत पुढे मोजावी लागणार होती.

प्रत्येक विजयानंतर मैदानाच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. सुरुवातीला ती जाहिरातबाजी वाटली. पण मार्चच्या अखेरीस पोर्टलंडला त्यांच्याच मैदानावर १२०-८० असे लोळवून संघ प्ले-ऑफला पात्र ठरला, तोवर तो झोत शहराची खूण झाला होता.

प्ले-ऑफचे गणित काय असते?

एनबीएत ३० संघ, पूर्व आणि पश्चिम असे दोन गट. प्रत्येक गटातले पहिले सहा थेट पात्र. सात ते दहा क्रमांकांचे संघ उरलेल्या दोन जागांसाठी ‘प्ले-इन’ खेळतात. त्यानंतर प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे. आयपीएलसारखा एका रात्रीत निकाल नाही. त्याच प्रतिस्पर्ध्याशी दोन आठवडे झुंजायचे असते, आणि तेवढ्या काळात तुमचे प्रत्येक बिंग फुटते.

वॉरियर्सविरुद्ध काय घडले?

तिसऱ्या क्रमांकाच्या किंग्जसमोर सहाव्या क्रमांकाचे, पण गतविजेते गोल्डन स्टेट वॉरियर्स आले. दोन्ही शहरांमध्ये मोटारीने दीड-दोन तासांचे अंतर. ब्राउन हे सहा वर्षे वॉरियर्सच्याच बाकावर बसलेले. रणदिवेही किंग्ज घेण्याआधी वॉरियर्सचे भागीदार. त्यामुळे भावकीतल्या भांडणाची चव या मालिकेला होती.

पहिला सामना किंग्जने १२६-१२३ असा जिंकला. सहा वर्षे वाट पाहून पहिल्यांदाच प्ले-ऑफ खेळणाऱ्या फॉक्सने ३८ गुण केले, बदली म्हणून आलेल्या मंकने ३२. दुसऱ्या सामन्यात खाली पडलेल्या सबोनिसच्या छातीवर ड्रेमंड ग्रीनने पाय दिला. त्याला मैदानाबाहेर काढले गेले, पुढच्या सामन्यासाठी निलंबनही झाले. किंग्ज २-० ने पुढे. मात्र ग्रीनविना खेळूनही वॉरियर्सने तिसरा सामना सहज घेतला. माझ्या मते मालिकेने वळण घेतले ते इथे. आक्रमण थंडावल्यावर सामना वाचवू शकेल असा बचाव किंग्जकडे नव्हता.

चौथा सामना १२६-१२५. शिल्लक नसलेला टाइमआउट मागण्याची चूक खुद्द स्टेफन करीने केली आणि किंग्जला जीवदान मिळाले. शेवटच्या क्षणी हॅरिसन बार्न्सचा तीन गुणांचा फटका रिंगवर आदळला. तो पडला असता तर मालिका ३-१ होती. त्याच सामन्यात फॉक्सच्या डाव्या, म्हणजे त्याच्या नेमाच्या हाताची तर्जनी मोडली. ती बांधून तो पुढे खेळला. वॉरियर्सने त्या वर्षी साखळीत परक्या मैदानांवर ४१ पैकी फक्त ११ सामने जिंकले होते. तरीही पाचवा सामना त्यांनी सॅक्रामेंटोत जिंकला. सहावा किंग्जने सॅन फ्रान्सिस्कोत ११८-९९ असा परत घेतला.

३० एप्रिलचा सातवा सामना घरच्या मैदानावर होता. मध्यंतराला किंग्ज किंचित पुढे होते. मग करीने त्या रात्री ५० गुण केले. सातव्या सामन्यात ५० गुण त्याआधी कुणीही केले नव्हते. (दोनच आठवड्यांत बोस्टनच्या जेसन टेटमने ५१ केले.) निकाल १२०-१००. पण केवळ करीने हरवले म्हणणे अर्धे खरे आहे. वॉरियर्सच्या केव्हॉन लूनीने त्या सामन्यात २१ रिबाउंड घेतले. सबोनिस लांबून फटके मारत नाही हे ओळखून लूनी मालिकाभर त्याच्यापासून दोन पावले मागे उभा राहिला आणि हातावर चेंडू ठेवण्याची ती वाटच त्याने बुजवून टाकली. हर्टरचे नेम चुकत राहिले. ज्या कल्पनेवर ४८ विजय उभे होते, तिच्यावर दोन आठवड्यांत उतारा सापडला होता.

ही हार लाजिरवाणी नव्हती. तरुण संघ पहिल्या प्रयत्नात अनुभवी विजेत्यांकडून सातव्या सामन्यात हरतो, शिकतो, परत येतो. एनबीएत अशीच वाट असते. ब्राउन सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, १०० पैकी १०० मतांनी. असे पूर्वी कधी घडले नव्हते. मॅकनेअर सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले. अटीतटीच्या क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्याचा पुरस्कार त्या वर्षी नव्याने सुरू झाला, तो फॉक्सला मिळाला.

मग परतीची वाट कुठे चुकली?

पुढच्या हंगामात जवळपास तोच संघ ४६ सामने जिंकला आणि थेट नवव्या क्रमांकावर गेला. ४८ विजयांना तिसरा क्रमांक, ४६ ला नववा! पश्चिम गट तेवढा कठीण झाला होता. किंग्ज फार खाली आले नव्हते, बाकीचे वर गेले होते. प्ले-इनमध्ये त्यांनी वॉरियर्सना ११८-९४ असे हरवून हिशेब चुकता केला, पण न्यू ऑर्लिन्सकडून हरून ते बाहेर पडले. मंक तेव्हा जायबंदी होता, हर्टरही.

अशा वेळी दुखणे कुठे आहे ते पाहावे लागते. दुखणे बचावात होते, उंचीत होते. २०२४ च्या उन्हाळ्यात संघाने आणले डेमार डीरोझनला. तो वयाच्या पस्तिशीकडे झुकलेला, अप्रतिम पण संथ, चेंडू हातात ठेवून खेळणारा गुणवीर. बचाव ही त्याची ओळख कधीच नव्हती. त्याच्यासाठी बार्न्स गेला. वेगात आणि चेंडू फिरवण्यात ज्या संघाची ताकद होती, तो तिथेच अडखळू लागला. डिसेंबरअखेर १३ विजय, १८ पराभव, त्यातले बरेच अगदी थोडक्यात. डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या क्षणांत हातचा सामना एका गुणाने गेला आणि दुसऱ्याच दिवशी, २७ डिसेंबर २०२४ रोजी, ब्राउन यांना काढले. जूनमध्येच त्यांचा करार वाढवला होता. सराव घेऊन संघासोबत विमानतळाकडे निघालेल्या ब्राउन यांना हे फोनवरून कळवले गेले, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. मी तर म्हणेन, काढण्यापेक्षा काढण्याची ही रीत अधिक बोलकी होती.

पाच आठवड्यांत फॉक्सला सॅन अँटोनियोकडे पाठवले गेले. बदल्यात शिकागोचा झॅक लव्हीन आला. डीरोझन आणि लव्हीन ही जोडी शिकागोत तीन हंगामांत एकदाच प्ले-ऑफला पोहोचली होती. जे तिथे जमले नाही ते इथे का जमावे, याचे उत्तर मिळाले नाही. हर्टरही गेला. संघ ४०-४२ वर थांबला, घरच्या मैदानावर प्ले-इनमध्ये डॅलसकडून हरला आणि त्याच रात्री मॅकनेअर यांचाही निरोप झाला. त्या गाजलेल्या हंगामाच्या सुरुवातीच्या पाचांपैकी तिघे गेले, आणि वर उल्लेखलेले तिन्ही पुरस्कारविजेतेही गेले.

यात मालकाचा दोष कसा?

एखाद्या प्रशिक्षकाला काढले तर त्यात दोन बाजू असू शकतात. बारा वर्षांत आठ प्रशिक्षक झाले तर बाजू एकच उरते. मलोन, कॉर्बिन, कार्ल, येगर, वॉल्टन, जेंट्री, ब्राउन आणि आता डग ख्रिस्ती. काही हंगामी होते हे मान्य. पण खेळाडू बदलले, व्यवस्थापक बदलले, प्रशिक्षक बदलले. या काळात न बदललेली व्यक्ती एकच आहे.

मायकेल मलोन यांचे उदाहरण सर्वांत बोचरे. रणदिवे यांनी नेमलेले हे पहिले प्रशिक्षक. डिसेंबर २०१४ मध्ये संघाचा मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी पडला, काही सामने गेले, आणि ११ विजय-१३ पराभव या टप्प्यावर मलोन यांना नारळ मिळाला. मलोन डेन्व्हरला गेले. तिथे त्यांना वेळ मिळाला. पहिली तीन वर्षे प्ले-ऑफविना गेली तरी कुणी हात लावला नाही, आणि २०२३ मध्ये त्यांनी डेन्व्हरला पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. ब्राउन यांची बातमी आली तेव्हा मलोन जाहीरपणे संतापले. आपल्याला आश्चर्य वाटत नाही, त्याच माणसाने आपल्यालाही काढले होते, अशा अर्थाचे ते बोलले.

रणदिवे खेळ न समजणारे धनिक नाहीत, अडचण नेमकी तीच आहे. आपल्या मुलीच्या शालेय वयातल्या संघाला त्यांनी पूर्ण मैदानभर दबाव टाकायला शिकवले आणि नवख्या मुलींना राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेले. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर लेख लिहिला आणि ती गोष्ट जगभर गेली. शेअर बाजाराची माहिती क्षणात पोहोचवणारे सॉफ्टवेअर बनवून त्यांनी संपत्ती कमावली. क्षणाक्षणाला बदलती माहिती घ्यायची आणि तत्काळ प्रतिसाद द्यायचा, हा त्यांच्या व्यवसायाचा गाभा. बास्केटबॉलच्या ८२ सामन्यांच्या हंगामात हा गुण अवगुण ठरतो. पाच पराभव ही माहिती असते, पण दर वेळी तिच्यावर कृती करायची नसते.

शहराला वाचवणारेही तेच ना?

होय, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१३ मध्ये आधीच्या मालकांनी, मलूफ कुटुंबाने, संघ सिएटलच्या गुंतवणूकदारांना विकायचे ठरवले होते. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी असे मुक्काम करत १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला आलेला हा संघ आणखी एकदा बिऱ्हाड हलवणार होता. महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः माजी एनबीए खेळाडू, त्यांनी खटपट केली. रणदिवे यांचा गट पुढे आला. लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळले. ५३ कोटी ४० लाख डॉलर या मूल्यांकनाने झालेला हा व्यवहार तेव्हा विक्रमी होता. २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी गोल्डन वन सेंटर उभे राहिले आणि ओस पडलेला तो भाग पुन्हा गजबजला.

पण त्या मैदानाच्या खर्चात सॅक्रामेंटो शहराचा वाटा सुमारे २५ कोटी डॉलरचा होता. म्हणजे संघ वाचवला तो एकट्या मालकाने नव्हे. करदात्यांनीही त्यात पैसे घातले, आणि १६ वर्षे हरणाऱ्या संघाची तिकिटे घेणाऱ्यांनीही. संघाचे मूल्य आज फोर्ब्सच्या अंदाजानुसार तीन अब्ज डॉलरच्या पुढे आहे. ती वाढ मालकांच्या खात्यात जमा होते. शहराच्या वाट्याला येतो तो फक्त खेळ. म्हणून त्या खेळाचा दर्जा ही मालकाची खासगी बाब राहत नाही.

संघ हरला तर मालकाचे काय जाते?

फारसे काही नाही. युरोपातील फुटबॉलप्रमाणे इथे तळाचा संघ खालच्या विभागात ढकलला जात नाही. २०२५-२६ पासून सुरू झालेला प्रक्षेपण करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. त्यातला राष्ट्रीय वाटा सगळ्या संघांना सारखा मिळतो, मग तुम्ही ६० सामने जिंका वा २०. त्यामुळे चुकीच्या निर्णयाची झळ निर्णय घेणाऱ्याला लागतच नाही. आयपीएलची रचनाही थोडीफार अशीच आहे. मैदानावर सगळ्यांदेखत कर्णधाराला सुनावणारा मालक आपणही दूरचित्रवाणीवर पाहिला आहे. फरक इतकाच की तिथला हंगाम दोन महिन्यांत संपतो.

आता पुढे काय?

ब्राउन यांना २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सने मुख्य प्रशिक्षक नेमले. लीगमधल्या सर्वाधिक मागणी असलेल्या पदांपैकी ते एक. फॉक्स सॅन अँटोनियोत व्हिक्टर वेम्बान्यामासोबत खेळतो. सॅक्रामेंटोत स्कॉट पेरी नवे महाव्यवस्थापक म्हणून आले आणि हंगामी नेमणूक झालेल्या ख्रिस्तींना कायम करण्यात आले. लेकर्सशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजलेल्या २००२ च्या संघातले हे ख्रिस्ती शहराला आपले वाटतात. त्यांना रणदिवे किती पराभव पोटात घालू देतात, हे बघायचे. पेरी यांनी संघ तळापासून बांधायचा म्हटला तर पहिली दोन-तीन वर्षे पराभवांचीच असतील. डेन्व्हरमध्ये मलोन यांना तेवढी वर्षे मिळाली होती.